वेदनेचा मुक्काम

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद परिसरातील दगडमातीची घरे जमीनदोस्त केली; घरांचे पंचनामे झाले, परंतु हाडांत आणि मनांत मुक्काम ठोकून राहणारी कळ कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही.

अशा, तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन म्हणते. जखम भरली तरी अतिसंवेदनशील झालेली मज्जासंस्था धोक्याची वर्दी देतच राहते, आणि निद्रानाश, चिंता व भीतीपोटी सोडलेली हालचाल या वेदनेला बळ पुरवितात. म्हणून केवळ गोळीवर भिस्त न ठेवता औषध, बेताचा व्यायाम, योगासने, समुपदेशन आणि घरच्यांचा आधार यांची डॉक्टरांच्या सल्ल्याने सांगड घालणे, हाच समग्र उपचार होय. मात्र पायांतील शक्ती अकस्मात गेली वा लघवीवरील ताबा सुटला, तर तेल-मालिश बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.