चावीसकट एफ-२५०

सकाळी सव्वासात. कोलंबसमध्ये नोव्हेंबर लागला की गाड्या दान करणाऱ्यांचे फोन वाढतात आणि ३१ डिसेंबरपर्यंत वाढतच जातात, कारण वजावट त्याच वर्षाच्या करात बसवायची असते. आज तीन निरोप आहेत. एक कॅमरी, एक बंद पडलेली मिनीव्हॅन आणि नेवार्कजवळ राहणारे एक आजोबा. आयुष्यभर छपरांची कामं केली, आता निवृत्त. २०१२ ची फोर्ड एफ-२५०, चालू स्थितीत, चावीसकट द्यायची म्हणतात. पहिल्या दोघांना ठरलेलं उत्तर पाठवते, आजोबांना मात्र फोन लावते.

"विकणार तर नाही ना?" त्यांचा पहिलाच प्रश्न.

बहुतेक दात्यांना वाटतं, आपला ट्रक उद्यापासून गरिबांसाठी बटाट्याची पोती वाहणार. प्रत्यक्षात बऱ्याच संस्था हे काम बाहेरच्या कंपनीला देतात. ती गाडी उचलते, लिलावात काढते, स्वतःचा वाटा कापते आणि उरलेले पैसे संस्थेला पाठवते. त्यात गैर काही नाही, पण दात्याला ते आधी सांगायला हवं. आमची धान्यवाटप करणारी संस्था लहान, सगळं घरचंच. "फ्रेम बघितल्याशिवाय शब्द देत नाही," मी म्हणते. छपराखालचे वासे तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला एवढं पुरतं.

साडेनऊ, नेवार्क. ओहायोत गाडीच्या मालकीचा कागद, म्हणजे टायटल, काउंटीच्या कोर्ट क्लर्ककडून मिळतो. नंबरप्लेटचं खातं वेगळं. मालकाने सही करायची ती नोटरीसमोर, आणि त्याआधी घेणाऱ्याचं नाव, किंमत, मीटरवरचे मैल सगळं भरलेलं हवं. खाडाखोड झाली की कागद बाद. म्हणून मी मैल आधी साध्या चिठ्ठीवर उतरवून घेते: १,६८,४१२.

रांगेत उभ्या उभ्या आजोबा करावर येतात. शेजाऱ्याने त्यांना सांगितलंय, जुन्या गाड्यांच्या भावांच्या पुस्तकात या ट्रकची जी किंमत दिसते तेवढी वजावट मिळते. तो काळ गेला. पूर्वी लोक पुस्तकातला आकडा लावायचे आणि संस्थेच्या हाती त्याचा किरकोळ हिस्सा पडायचा. २००४ च्या कायद्याने ते थांबवलं. २००५ पासून नियम असा की ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची तर संस्थेने गाडी जेवढ्याला विकली तोच आकडा धरायचा. संस्थेने गाडी स्वतः भरपूर वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली किंवा गरजू माणसाला फुकट अथवा अगदी स्वस्तात दिली, तरच बाजारभाव चालतो. शिवाय २०२५ साठी जोडप्याला ३१,५०० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन आहे. तपशीलवार वजावटी त्याहून जास्त भरत नसतील, तर ट्रक देऊनही करात एक सेंट वाचत नाही. मी हे स्पष्ट सांगते. आजोबा खांदे उडवतात.

अकरा. त्यांच्या अंगणात फ्लॅटबेड येऊन उभा राहतो. ओहायोत प्लेट मालकाकडेच राहते, ती आजोबा स्वतः स्क्रू काढून घेतात. मी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करायला लावते. त्यात नेहमीप्रमाणे गॅरेजच्या दाराचा रिमोट सापडतो. लोक ट्रकबरोबर घराची किल्लीच देऊन टाकतात, म्हणायचं.

जेवण गाडीतच उरकते. नाशिकच्या भावाला ट्रकचा फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर: "यात ऊस किती बसेल?"

दीड. दिवसातलं खरं काम आत्ता. ट्रक लिफ्टवर चढतो आणि आमचा मेकॅनिक हातोडी घेऊन खाली शिरतो. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून पापुद्रे सुटून गळत असते. २०१७ पासून फोर्डने या ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची केली, हा त्याआधीचा, सगळा पोलादी. मागच्या चाकांवरचा पत्रा खाल्लेला. ब्रेकची एक नळी गंजून पातळ झालेली. मागच्या पाट्यांचे शॅकल बदलावेच लागणार. पण फ्रेमवर हातोडी टणटणीत वाजते. आजोबा दर वर्षी थंडीआधी खालून तेल मारून घेत होते. इंजिन ६.२ लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. लिलावात डिझेलवर उड्या पडतात, पण स्वतः वापरायचा तर मला पेट्रोलच बरं वाटतं. दुरुस्ती साधी आणि कुठल्याही गॅरेजात होते.

साडेतीन. संचालकांना लिलाव हवा. थँक्सगिव्हिंग तोंडावर आहे, रोख पैशात टर्की घेता येतील. त्यांचं चुकत नाही. माझा मुद्दा एवढाच, की दर वर्षी याच आठवड्यात आपण भाड्याने व्हॅन घेतो. विम्याचा हप्ता आहेच, पण ट्रकचं मालासकट ठरवून दिलेलं कमाल वजन १०,००० पौंडांच्या आत आहे. १०,००१ पासून राज्याबाहेर धंद्यासाठी चालणाऱ्या गाड्यांना केंद्राचे नियम लागतात, ती कटकट नाही. "भरपूर वापर म्हणजे किती?" ते विचारतात. कर खात्याच्या उदाहरणात वर्षाला १०,००० मैल आहेत. आमच्या फेऱ्या आठवड्याला साधारण २०० मैलांच्या, म्हणजे वर्षाला १०,४००. मेकॅनिक आपल्या वहीतला दुरुस्तीचा खर्च वाचून दाखवतो. संचालक दोनदा ऐकतात आणि ट्रक ठेवायला हो म्हणतात.

साडेचार. विक्री नाही, त्यामुळे पावतीचा फॉर्म १०९८-सी दात्याला देणगीपासून ३० दिवसांत द्यायचा, आणि वापराआधी ट्रक विकणार नाही असं त्यात लिहून द्यायचं. ही चौकट भरताना मी नेहमी थांबते, कारण वर्षभराचा शब्द आहे. आजोबांना फोन करून सांगते, ५,००० डॉलरच्या वर वजावट मागायची असेल तर मूल्यांकनकर्ता गाठा.

"ते राहू दे. शिडीचा रॅक तुम्ही काढणार का?"

"हो. हौद्यावर टप बसवायचाय."

"मग तो मुलाच्या ट्रकला लागेल."

टायटलवर रॅकची नोंद नसते. शुक्रवारी दुपारनंतर न्यायला या म्हटलं.