मीठ, पाणी आणि वजनाचा काटा : मेद की क्लेद?

स्थौल्यचिकित्सेसाठी येणाऱ्या रुग्णाचा पहिला आग्रह वजनकाट्याचा असतो. आठवड्यात किती किलो उतरले, या एकाच आकड्यावर तो वैद्याची आणि औषधाची परीक्षा करतो. काटा मात्र मेद, मांस, अस्थी, पोटातील अन्न, मलमूत्र आणि शरीरस्थ उदक या सर्वांचे एकत्रित वजन दाखवितो. त्यांपैकी काय वाढले आणि काय घटले हे ओळखणे वैद्याचे काम आहे. मीठ व पाणी यांमुळे होणारे वजनातील चढउतार हा या ओळखीतील सर्वांत फसवा भाग असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा विचार करीत आहोत.

प्रथम थोडे गणित. पेशींबाहेरील द्रवाचा खारटपणा शरीर अत्यंत काटेकोरपणे सांभाळते. शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, ते याच प्रमाणाशी मिळतेजुळते आहे. याचा अर्थ, ९ ग्रॅम मीठ शरीरात अडकून राहिले तर त्यासोबत सुमारे एक लिटर पाणी अडकते आणि काटा एक किलो पुढे सरकतो. लग्नाच्या पंगती, लोणची-पापड, फरसाण, आमच्या खाडीकाठच्या गावांतील खारवलेली मासळी यांचा दोनतीन दिवस भडिमार झाला, की वृक्कांना नवा समतोल साधण्यास काही दिवस लागतात. तेवढ्या अवधीत अर्धा ते एक किलो वजन वाढते व तेथेच स्थिरावते. मीठ पूर्ववत झाले की ते तसेच उतरते. याउलट एक किलो मेद साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७७०० किलोकॅलरी अधिक अन्न पोटात जावे लागते. एका रात्रीत कोणीही तेवढे जेवत नाही. तेव्हा ‘काल जेवलो आणि आज किलोभर वाढलो’ असे सांगणाऱ्या रुग्णात वाढलेला भाग बहुतांशी क्लेदाचा व कोष्ठातील अन्नाचा असतो, मेदाचा नव्हे.

हाच न्याय वजन उतरण्यासही लागू आहे. उपवास किंवा कडक पथ्य सुरू करताच पहिल्या आठवड्यात दीडदोन किलो वजन सहज कमी होते. यकृत व मांसपेशी यांत साठविलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. तो साठा संपताना ते पाणीही निघून जाते. शिवाय भाकरी-भाजी कमी झाली की मीठही आपोआप कमी होते. रुग्ण हर्षभरित होतो, वैद्यालाही बरे वाटते. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो, आणि मग औषध बदलण्याची घाई होते. वस्तुतः मेदाचे खरे लेखन पुष्कळदा तेव्हाच नीट सुरू झालेले असते. रुग्णास हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे, असे आमचे मत आहे.

नुसत्या पाण्याचे काय? निरोगी माणसाने अर्धा लिटर पाणी प्यायले तर काटा लगेच अर्धा किलो अधिक दाखवील आणि काही तासांत वृक्क ते बाहेर टाकतील. पाण्यात उष्मांक नाहीत, म्हणून त्याने मेद वाढत नाही. त्याने मेद ‘वितळतो’ हाही भ्रमच. खोलीच्या तापमानाचे अर्धा लिटर पाणी शरीराच्या उष्णतेस आणण्यास जेमतेम ७-८ किलोकॅलरी लागतात, म्हणजे साखरेचा अर्धा चमचा! पाणी केव्हा प्यावे याला मात्र महत्त्व आहे. जेवणाच्या आरंभी, मध्ये आणि अंती पाणी पिणाऱ्यांच्या शरीरावर अनुक्रमे कृशता, समता आणि स्थूलता असे परिणाम वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सांगितले आहेत. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मितआहार घेणाऱ्या प्रौढ व वृद्ध व्यक्तींना बारा आठवडे प्रत्येक मुख्य जेवणापूर्वी अर्धा लिटर पाणी देण्यात आले. केवळ मितआहार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे वजन सुमारे दोन किलो अधिक उतरले. कारण साधे आहे, पोट आधी भरल्याने अन्न कमी गेले. मात्र अग्निमांद्य असलेल्या रुग्णास हा प्रयोग सरसकट सांगू नये.

आता लवणाकडे वळू. पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतियोग टाळावा, असे चरकाचार्य विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावतात. दुधासोबतही मीठ खाणाऱ्या बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर येथील लोकांच्या शरीरात येणारे शैथिल्य त्यांनी उदाहरणादाखल दिले आहे. उदररोगात तर लवण वर्ज्य आणि जलपानावरही निर्बंध. क्लेद वाढविणारा रस, आणि क्लेद वाहून नेणारे मूत्र व धारण करणारा स्वेद, ही मांडणी डोळ्यांपुढे ठेवली की वरचे सारे गणित आपल्याच परिभाषेत उलगडते. मिठाने मेद थेट वाढतो काय, हा प्रश्न वेगळा आहे. २०१५ साली ब्रिटनमधील पाहणीत अधिक मीठ आणि स्थूलता यांचा संबंध आढळला. पण अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. खारट पदार्थ रुचकर असतात व म्हणून अधिक खाल्ले जातात, एवढे तरी कोणीही मान्य करील.

सैंधवाविषयी एक गैरसमज सर्वत्र रुजला आहे. गुणांच्या दृष्टीने सैंधव श्रेष्ठ खरे, परंतु तेही जवळजवळ संपूर्णपणे सोडियम क्लोराइडच आहे. क्लेद धरून ठेवण्याच्या बाबतीत एक चमचा सैंधव आणि एक चमचा समुद्री मीठ यांत फरक करता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा दोहोंना सारखीच लागू पडते. शिवाय सैंधव सामान्यतः आयोडीनयुक्त नसते. घरातील सर्व मीठ काढून तेच वापरा असा सल्ला देताना याचे भान ठेवावे.

औषधी दुकानदारांनी येथे विशेष लक्ष द्यावे. लवणभास्कर चूर्णात समुद्र, सौवर्चल, विड व सैंधव ही लवणेच मिळून सुमारे दोन पंचमांश भाग होतात. दिवसातून दोन वेळा तीन-तीन ग्रॅम घेणाऱ्याच्या पोटात त्यातून अदमासे अडीच ग्रॅम लवण जाते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा निम्मा वाटा! अल्पकाळ, योग्य रुग्णास ते उत्तम औषध आहे. पण रक्तदाबाचा किंवा पायांवर सूज असलेला ग्राहक महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने नेत असेल तर त्यास विचारावे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. वृक्कविकाराच्या रुग्णास ते वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नये.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ‘आठ दिवसांत पाच किलो’ असे सांगून विकली जाणारी अनामिक चूर्णे व कॅप्सूल. २००८ च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटविणाऱ्या अनेक उत्पादनांत लपविलेली आधुनिक औषधे सापडल्याचे जाहीर केले. त्यांत सिब्युट्रामिन होते, आणि बुमेटॅनाइड हे तीव्र मूत्रल औषधही होते. मूत्रलाने काटा दोन दिवसांत खाली येतो, मेदाचा एक कणही हलत नाही. पोटॅशियम घटून हृदयाची गती मात्र बिघडू शकते. आपले पुनर्नवा-गोक्षुरादी योग सौम्य असले तरी शोथ नसलेल्या स्थूलास केवळ काटा हलविण्यासाठी देणे आम्हांस शास्त्रसंमत वाटत नाही.

भिवंडीत वैद्यकी करणाऱ्यांपुढे या प्रश्नाची आणखी एक बाजू रोज उभी राहते. येथील यंत्रमागांवरचा कामगार पत्र्याखालच्या दमट उष्म्यात बारा-बारा तास उभा असतो. एक लिटर घामातून साधारणतः एक ते चार ग्रॅम मीठ जाते, आणि वैशाखात त्याला कित्येक लिटर घाम येतो. पाळी संपताना त्याचे वजन किलोभर कमी भरले तर ते पाण्याचे नुकसान समजावे. अशा माणसाला, पोट सुटले म्हणून, ‘मीठ बंद करा आणि भरपूर पाणी प्या’ हा पंख्याखाली बसणाऱ्याचा सल्ला देणे धोक्याचे आहे. मीठ गमावलेल्या शरीरात नुसते पाणी ओतल्यास रक्तातील सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळ होते, पेटके येतात, पुढे भ्रम व बेशुद्धीही येऊ शकते. भिशीत जेवणाऱ्या अशा कामगारास आम्ही कामाच्या वेळी मीठ घातलेले पातळ ताक किंवा मीठ-साखरेचे लिंबूपाणी सांगतो, आणि कपात सुचवितो ती तळलेल्या पदार्थांत व गोड चहाच्या पेल्यांत. रक्तदाब वा वृक्कविकार असल्यास हाही सल्ला तपासूनच द्यावा.

शेवटी, वाढलेला क्लेद हा आजार केव्हा असतो? तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वजन वाढले, पायांवर बोटाने दाबल्यास खड्डा राहू लागला, आडवे होताच धाप लागू लागली, सकाळी पापण्या सुजू लागल्या किंवा मूत्र फेसाळ होऊ लागले, तर तो रुग्ण स्थौल्याचा नव्हे. मेदोहर गुग्गुळाची बाटली बाजूला ठेवून प्रथम रक्तदाब, मूत्रातील प्रथिन, क्रिएटिनिन यांची तपासणी करावी आणि हृदयरोगाची शंका येताच विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. स्त्रियांत रजोदर्शनापूर्वी वाढणारे किलोभर वजन मात्र पुष्कळदा स्वाभाविक असते व आपोआप उतरते.

वजनाची नोंद एकाच काट्यावर, सकाळी मलमूत्रविसर्जनानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत घ्यावी. एका दिवसाच्या आकड्यावरून औषध बदलू नये; आठवड्याच्या सरासरीची मागील आठवड्याशी तुलना करावी. सोबत कमरेचा घेर टेपने मोजून लिहून ठेवावा. क्लेद उतरला तर काटा लगेच हलतो, घेर फारसा हलत नाही. मेद उतरू लागला की महिन्याभरात पट्ट्याचे छिद्र बदलते.