चालक नसलेल्या विमानाने मागे कधी फिरावे?

डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या गावी कोविड लसीचे ३०० डोस ड्रोनने पोचवण्यात आले. रस्त्याने ज्या प्रवासाला चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तो नऊ मिनिटांपेक्षा थोड्या अधिक वेळात पार पडला. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते, म्हणून वाचलेल्या प्रत्येक मिनिटाला किंमत असते. त्याच जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांतही मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून आत वळले की विखुरलेले पाडे, पावसाळ्यात भरून वाहणारे ओढे आणि वळणावळणाचे रस्ते लागतात. अशा ठिकाणी हवाई मार्गाचे आकर्षण वाटणे साहजिक आहे.

परंतु काही किलोमीटर गेलेले ड्रोन जमिनीवरच्या माणसाला दिसत नाही. टेकडी आड आली तर रेडिओसंपर्कही तुटू शकतो. मग त्याला चालवतो कोण? त्यातच बसवलेल्या एका लहानशा संगणकातील आज्ञावली. वृत्तपत्रांत अशा यंत्रांना ‘बुद्धिमान’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. आतले बरेचसे काम मात्र अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राचे आहे.

आज्ञावलीपुढचा पहिला प्रश्न असतो, ‘मी आहे कुठे?’ त्वरणमापक त्वरण मोजतो. त्यावरून वेग आणि वेगावरून अंतर काढता येते. पण समजा, त्याच्या मापनात गुरुत्वीय त्वरणाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी कायमची चूक आहे. अंतरातील चूक ½at² या सूत्राने वाढते. एका मिनिटात ती १८ मीटर होते आणि नऊ मिनिटांत जवळजवळ दीड किलोमीटर! उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानात अशी साठत जाणारी चूक नसते, पण ते काही मीटर इकडेतिकडे हलत असते आणि सेकंदाला मोजक्याच वेळा मिळते. एक साधन चपळ पण भरकटणारे, दुसरे सावकाश पण भरवशाचे.

या दोघांची सांगड घालण्याची रीत रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या मार्गनिर्देशनातही ती वापरली गेली. तिचे मर्म एका उदाहरणात सांगता येईल. वायुदाबमापक म्हणतो, उंची १०० मीटर, चूक ३ मीटर. उपग्रह म्हणतो १०६ मीटर, चूक ६ मीटर. सरळ सरासरी घेतली तर १०३ येईल. पण ज्याची चूक निम्मी त्याच्या शब्दाला चौपट वजन द्यायचे, कारण वजन चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून उत्तर १०१.२ मीटर. या उत्तरातील चूक सुमारे २.७ मीटर, म्हणजे दोन्ही साधनांहून कमी. कमी भरवशाचा साक्षीदारही थोडीफार भर घालतोच, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे.

उंची मोजली, पण ती कुठून? ड्रोन नियम, २०२१ यांच्यानुसार हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, ही मर्यादा आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर १०० मीटर वर चढून तीच उंची राखत पूर्वेकडे निघालेले ड्रोन पुढे एखाद्या डोंगरावर आदळेल. म्हणून भूभागाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा आज्ञावलीजवळ असावा लागतो. त्यातही एक मेख आहे. अशा नकाशात जमीन असते, विजेच्या तारा नसतात. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचे धुराडे सुमारे २७५ मीटर उंच आहे. अशा गोष्टी वेगळ्या नोंदवून घ्याव्या लागतात आणि ते काम पायी हिंडूनच नीट होते.

खरी कसोटी वाऱ्याची. समजा, ड्रोनचा हवेतील वेग सेकंदाला २० मीटर आहे, पाडा पूर्वेला १० किलोमीटरवर आहे आणि विद्युतघट वीस मिनिटे पुरतो. वारा नसेल तर जाऊन येण्यास १००० सेकंद लागतात. आता पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सेकंदाला ८ मीटर धरू. जाताना वेग २८, येताना १२. जायला सुमारे ३५७ सेकंद, यायला ८३३. बेरीज ११९० सेकंद! जाताना झालेला फायदा येताना फिटून जाईल, अशी आपली समजूत असते. पण उलट्या वाऱ्यात ड्रोन अधिक काळ राहते, म्हणून एकूण तोटाच होतो.

आता ‘घट निम्मा संपला की मागे फिर’ ही साधी आज्ञा तपासू. पाड्याला वळसा घालून ड्रोन पुढेच जात राहिले, तर दहा मिनिटांत ते १६.८ किलोमीटरवर असेल. उरलेल्या दहा मिनिटांत ते ७.२ किलोमीटर परत येईल आणि साडेनऊ किलोमीटर अलीकडेच कुठेतरी कोसळेल. या वाऱ्यात फिरण्याची वेळ सहाव्या मिनिटाची आहे. म्हणजे आज्ञावलीने उड्डाणातच वारा ओळखून हा हिशेब पुन्हापुन्हा करायला हवा.

अशा आज्ञावल्या लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुखाचा वेळ लिहिण्यापेक्षा ‘हे बिघडले तर काय?’ या यादीवरच अधिक जातो, आणि तसाच जावा. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ अग्निबाण सुमारे ३७ सेकंदांच्या उड्डाणानंतर मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झाला. एरियन-४ मध्ये व्यवस्थित चाललेली आज्ञावली त्यात तशीच घेतली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक होता. त्याच्याशी निगडित संख्या ३२,७६७ या कमाल मर्यादेत मावली नाही. सपाट मुलखात शंभर वेळा उडालेले ड्रोन डोंगरात नवखेच समजावे.

म्हणून उड्डाणापूर्वी संगणकावर लुटुपुटीचे उड्डाण करतात. आज्ञावलीला खोटा वारा, खोटे उपग्रहसंकेत पुरवतात, मध्येच एखादे साधन बंद पाडतात. ‘आर्डुपायलट’ ही आज्ञावली सर्वांना खुली आहे. ड्रोन विकत न घेता ती शाळेच्या संगणकावर अशा रीतीने चालवता येते.

या यादीतील एका प्रश्नाचे उत्तर मात्र संगणक देणार नाही. वरच्याच वाऱ्यात, सहा किलोमीटर गेल्यावर संपर्क तुटला असे समजा. मागे फिरायला ५०० सेकंद लागतील, पुढे पाड्यावर पोचायला १४३. तीन किलोमीटर ओलांडल्यानंतर पुढे जाणेच स्वस्त पडते, हे साधे समीकरण आहे. पण संपर्क नसताना उतरण्याच्या जागेवर मुले जमली आहेत की नाही, हे ड्रोनला कोण सांगणार? ते आज्ञावलीत कसे बसवायचे हे पाड्यावरच्या लोकांशी, आरोग्यसेविकेशी बोलून ठरवावे लागते. उतरण्याच्या जागेला कुंपण घातलेले असेल, तर पुढे जा. नसेल, तर वाटेतले एखादे मोकळे शेत आधीच हेरून ठेवा आणि लस तिथून चालत न्या.