पडद्यावर किती आणि तोंडी किती?

ग्रामपंचायतीचे सभागृह, पंचायत समितीची बैठक किंवा शिक्षकांचा प्रशिक्षण वर्ग, यांपैकी कोठेही प्रोजेक्टर आणि पडदा आता नवलाईचा राहिलेला नाही. योजनांची माहिती, जमाखर्च, पुढील वर्षाचा विकास आराखडा हे सारे स्लाइडच्या रूपाने लोकांपुढे ठेवले जाते. ही सोय स्वागतार्ह आहे. तथापि अशा बैठकीत एक दृश्य वारंवार दिसते. पडद्यावर पंधरा-वीस ओळींचा मजकूर उमटतो, वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून तो वाचू लागतो आणि मागच्या रांगांतील मंडळी आपसांत बोलू लागतात. सभा संपते, इतिवृत्तावर सह्या होतात. परंतु नेमके काय ठरवायचे होते, हे निम्म्या लोकांना उमगलेलेच नसते.

असे होण्याचे कारण बहुधा वक्त्याच्या अज्ञानात नसते. पडद्यावर काय दाखवावे, तोंडी काय सांगावे आणि कागदावर छापून हाती काय द्यावे, याची वाटणी आधी केलेली नसते. ही वाटणी चुकल्यास केवढे मोल द्यावे लागू शकते, याचे एक उदाहरण अंतराळ-संशोधनाच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

तळाशी दडलेली ओळ

दिनांक १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अमेरिकन अंतराळयान झेपावले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर त्यात होते. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनाच्या बाह्य टाकीवरील फेसासारख्या उष्णतारोधक आवरणाचा तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असतानाच कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अभ्यास करून तो ‘नासा’च्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडद्वारे मांडला.

त्यांतील एक स्लाइड पुढे जगभर अभ्यासली गेली. तिच्या ठळक मथळ्यातून, उपलब्ध चाचण्यांवरून केलेला अंदाज सावधगिरीच्या बाजूला झुकलेला आहे, म्हणजे चिंतेचे विशेष कारण नाही, असा बोध होत होता. मथळ्याखाली मुद्दे, उपमुद्दे आणि उपमुद्द्यांचेही पोटभाग अशी उतरंड होती. या उतरंडीच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत, खरी बाब होती : प्रत्यक्ष आघात चाचण्यांच्या मर्यादेच्या बराच बाहेरचा आहे. तुकड्याचे आकारमान तेथे १,९२० घन इंच दिले होते आणि चाचणीतील तुकड्याचे अवघे ३ घन इंच. म्हणजे फरक ६४० पटींचा होता. आपल्या मापात सांगायचे, तर एकीकडे पाण्याच्या दोन घागरी आणि दुसरीकडे अर्धा कप चहा. ही तुलना मथळ्यात असती, तर ती वाचून कोणीही दचकलाच असता. याच स्लाइडवर ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पाच वेळा, वेगवेगळ्या छटांनी आलेला आहे, हे माहिती-रेखाटनाचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी दाखवून दिले.

दिनांक १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान टेक्सास राज्याच्या आकाशात विखुरले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेचा दोष एका स्लाइडवर टाकणे अन्यायाचे होईल. पंखाची छायाचित्रे मिळविण्याची अभियंत्यांची विनंतीही वरिष्ठ पातळीवर पुढे गेली नव्हती. परंतु ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र चर्चा आहे, आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबून राहण्याच्या प्रघातावर मंडळाने स्पष्ट ताशेरे ओढले आहेत.

जुना कंदील, नवा पडदा

पडद्यावर चित्र टाकून लोकांना काही सांगणे महाराष्ट्राला नवे नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत आणि कथा मात्र निवेदक आपल्या तोंडाने सांगे. त्या खेळात वाटणी आपोआपच झाली होती. चित्र रंगविण्यास कष्ट पडत असल्यामुळे जे शब्दांनी सांगता येते, त्यासाठी कोणी काच खर्ची घालीत नसे.

आजच्या साधनात हे बंधन उरलेले नाही. पॉवरपॉइंट ही संगणकप्रणाली १९८७ मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. मथळा आणि त्याखाली मुद्द्यांची यादी, हा साचा तिच्यात आयताच मिळतो. या साच्याने वक्त्याची मोठीच सोय झाली, कारण पडदाच त्याचे टिपण बनला. श्रोत्याची सोय मात्र झाली असे म्हणवत नाही. अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे आढळले, की चित्र आणि तोंडी निवेदन मिळालेले विद्यार्थी विषय अधिक चांगला समजतात. त्याच निवेदनाचे शब्द पडद्यावरही छापल्यास आकलन घटते. डोळ्यांना एकाच वेळी चित्र पाहणे आणि मजकूर वाचणे ही दोन कामे करावी लागतात, हे त्याचे एक कारण. शब्द अपरिचित असेल, एखादी संज्ञा किंवा औषधाचे नाव असेल, तर ते पडद्यावर लिहिलेले बरे. त्यापलीकडे, बोलले जाणारे प्रत्येक वाक्य लिहून दाखविण्याने काही साधत नाही.

पाण्याच्या तपासणीचा तक्ता

आता गावातीलच एक प्रसंग घेऊ. समजा, गावातील पाच जलस्रोतांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून आले आणि त्यांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. अहवालात बारा घटक आहेत, म्हणजे एकूण साठ आकडे. ग्रामसेवकाने तो तक्ता जसाच्या तसा पडद्यावर टाकला. सातव्या ओळीत, चौथ्या रकान्यात ६८ हा आकडा आहे. तो शाळेजवळच्या विंधन विहिरीतील नायट्रेटचा असून भारतीय मानकाप्रमाणे त्याची कमाल मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. उरलेल्या ५९ आकड्यांत चिंतेचे काही नाही. तक्ता खरा आहे, पूर्ण आहे, आणि तरीही सभेला त्यातून काही दिसत नाही.

येथे स्लाइडचा मथळा ‘पाणी तपासणी अहवाल’ असा ठेवून चालणार नाही. ते केवळ विषयाचे नाव झाले. मथळा पूर्ण वाक्याचा हवा : ‘शाळेजवळच्या विंधन विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या दीडपट आहे.’ त्याखाली पाच स्तंभांचा आलेख आणि ४५ वर ओढलेली एक आडवी रेषा. चार स्तंभ रेषेखाली, फिक्या करड्या रंगात. पाचवा रेषेच्या वर, गडद रंगात. तांबडा आणि हिरवा यांचाच भेद करू नये, कारण काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. स्तंभांखाली ‘नमुना क्र. ४’ असे न लिहिता ‘मारुतीच्या देवळामागचा आड’ अशी गावाच्या तोंडची नावे द्यावीत. स्तंभांची उंची शून्यापासून मोजावी. अन्यथा लहान फरकही डोंगराएवढा दिसतो.

हे चित्र पडद्यावर असताना वक्त्याने तोंडी काय सांगावे? हे पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळांना विशेष अपायकारक आहे, हे सांगावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. ही गोष्ट घरोघरच्या समजुतीच्या विरुद्ध असल्याने ती सावकाश आणि दोनदा सांगावी लागते. साठ आकड्यांचा मूळ तक्ता छापून सूचना फलकावर लावावा, काही प्रती हाती द्याव्यात. ज्याला पडताळा घ्यायचा आहे, तो कागदावर बोट ठेवून घेईल. सरकत्या पडद्यावर ते शक्य नसते. अशा मांडणीनंतर सभेपुढे ठरविण्याजोगा प्रश्न उभा राहतो : शाळेच्या मुलांना उद्यापासून पाणी कोठून द्यायचे?

देवनागरीचे पथ्य

स्लाइडविषयीचे बहुतेक नियम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. देवनागरीच्या गरजा वेगळ्या आहेत. वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार व ऋकार खाली उतरतात. म्हणून दोन ओळींत रोमनपेक्षा अधिक जागा सोडावी लागते. शब्दाखाली रेघ ओढून जोर देण्याची सवय टाळावी, कारण ती रेघ उकारावरून जाते आणि ‘कुल’ की ‘कूल’ हे कळेनासे होते. तिरपी अक्षरेही देवनागरीला शोभत नाहीत. जोर द्यायचा तर अक्षर ठळक करावे, आणि तेही एकाच ठिकाणी. दहा ठिकाणी ठळक केलेल्या स्लाइडवर काहीच ठळक नसते. जोडाक्षरे गिचमिड दिसू नयेत म्हणून साध्या वळणाचा टंक निवडावा.

आणखी एक अडचण अनेक कार्यालयांच्या अनुभवाची आहे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकात तयार केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली, की मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा आणि पीडीएफ स्वरूपातील एक प्रत सोबत ठेवावी.

अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. पडद्याच्या रुंदीच्या सहापट अंतरापर्यंतच श्रोते बसावेत, असा दृक्-श्राव्य साधनांच्या क्षेत्रातील जुना संकेत आहे. हेच प्रमाण घरी लावता येते. संगणकाचा पडदा एक फूट रुंद असेल, तर सहा फूट मागे उभे राहून स्लाइड वाचून पाहावी. वाचता येत नसेल, तर अक्षर वाढवावे. अक्षर वाढविल्यावर मजकूर मावेनासा झाला, तर मजकूर कमी करावा. अक्षर लहान करून मजकूर बसविणे, हा मार्ग नेहमीच सोपा वाटतो. त्यावर मुख्याध्यापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांचे सारखेच प्रेम असावे, असे बैठकांतून दिसते.

ग्रामसभा बहुधा दिवसा, उघड्या खिडक्यांच्या सभागृहात भरते. अशा उजेडात गडद पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे विरून जातात. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळी अक्षरे टिकतात. सभेपूर्वी अर्धा तास आधी प्रोजेक्टर लावून शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. विजेचा भरवसा नसेल, तर त्या एका मुख्य स्लाइडचा आलेख मोठ्या कागदावर जाड पेनाने काढून जवळ ठेवावा. पाच स्तंभ आणि एक रेषा काढण्यास दहा मिनिटे पुरतात.