फिरते घर, ज्येष्ठांच्या मापाचे

पुणे जिल्ह्यातील पाली गावातून राजगडाच्या पाली दरवाजाची वाट चढते. नातवंडे गडावर जातात. आजी-आजोबांचे ते तास खाली गाडीतच जातात. प्रवासी व्हॅनचे फिरते घर करताना आपण प्रथम या तासांचा विचार करावा.

पलंगाआधी पायरी पाहावी. दाराशी कमी उंचीची, न घसरणारी जादा पायरी व धरावयास दांडा हवा. गाडी चालू असताना पलंगावर कोणी निजू नये. प्रत्येकाने आसनावर पट्टा लावून बसावे. दर दोन तासांनी उतरून थोडे चालावे, म्हणजे पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. लघवीच्या धास्तीने पाणी टाळले जाते. त्यासाठी कमोडची खुर्ची व आडोसा ठेवावा.

बंद गाडीत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. उन्हात उभी गाडी झपाट्याने तापते, म्हणून इन्सुलिन थंड डब्यात, पण बर्फाला न टेकवता ठेवावे.

आसनसंख्या बदलण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरटीओची मंजुरी घ्यावी. आणि सुतारकाम पक्के होण्याआधी ज्येष्ठांना गाडीत चढवून, बसवून, निजवून पाहावे. मापे त्यांच्या गुडघ्यांवरून ठरवावीत.