दोन्ही दारांत जाणारी बाई : निर्मला देशपांडे



ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की आपल्या गटांचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. एकाच गटातल्या दोघी समोरासमोर उभ्या राहतात. निकाल लागतो, गुलाल उधळला जातो आणि दोन पाड्यांचं बोलणं बंद होतं. बैठकीला अर्ध्याच बाया येतात. हप्ते थांबतात. पेरणीसाठी जिला पैसे हवेत, ती बिचारी अडकून बसते. गटांचं काम करताना आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून आज अशा एका मराठी बाईची ओळख करून द्यायची आहे, जी संसदेतही बसली आणि भांडणाऱ्यांच्या मध्येही जाऊन उभी राहिली. त्यांचं नाव निर्मला देशपांडे. सगळे त्यांना दीदी म्हणत.

दीदींचा जन्म 1929 साली नागपूरचा. वडील पु. य. देशपांडे मराठीतले नावाजलेले लेखक. दीदी राज्यशास्त्र शिकल्या आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांनी ते शिकवलंही. पण 1952 मध्ये त्या विनोबा भावे यांच्या भूदान पदयात्रेत सामील झाल्या.

विनोबा आपल्याला परके नाहीत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. तेव्हा आपला नंदुरबार धुळ्यातच होता, वेगळा जिल्हा 1998 साली झाला. भूदानाची सुरुवात 1951 मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत झाली. तिथे जमीनदार आणि भूमिहीन यांच्यात रक्त सांडत होतं. विनोबा दोघांकडे गेले. भूमिहीनांनी जमीन मागितली आणि गावातल्याच एका जमीनदाराने शंभर एकर दिली. कोणाच्याही दारात जायचं, आधी ऐकायचं आणि मग मागायचं, हे काम दीदी वर्षानुवर्षं पायी चालत शिकल्या.

पुढे पंजाब पेटलेला असताना त्या तिथे शांतियात्रा घेऊन गेल्या. काश्मीरमध्येही गेल्या. 1999 मध्ये कारगिलची लढाई झाली. दोन्ही देशांत राग धुमसत होता. अशा वेळी, मार्च 2000 मध्ये, दीदी भारतातल्या बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या. नंतर तिकडच्या बायका दिल्लीला आल्या. त्यांच्यासोबत वकील अस्मा जहांगीर होत्या. एका बसने सीमेवरचा तंटा मिटत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण येणं-जाणं तुटलं की उरतो तो फक्त संशय, म्हणून त्यांनी येणं-जाणं चालू ठेवलं.

आता राजकारणाचं सांगतो. राज्यसभेत बारा जण राष्ट्रपती नेमतात. त्यांना निवडणूक लढवावी लागत नाही. दीदींची अशी नेमणूक दोनदा झाली, 1997 मध्ये आणि 2004 मध्ये. लाहोरची बस निघाली तेव्हा मात्र त्या खासदार नव्हत्या. खुर्ची असो वा नसो, त्यांचं काम थांबलं नाही. 2006 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. 1 मे 2008 रोजी दिल्लीत त्या गेल्या. पुढच्या वर्षी पाकिस्तान सरकारनेही मरणोत्तर सन्मान देऊन त्यांचा गौरव केला. दोन्ही बाजूंनी आपली मानलेली अशी माणसं थोडीच असतात.

अशा बाया इतर देशांतही आहेत. फिलिपाईन्सच्या दक्षिणेकडे मोरो नावाचा मुस्लिम समाज राहतो. सरकार आणि त्यांची बंडखोर संघटना यांच्यात अनेक वर्षं लढाई चालली. त्याच समाजातल्या सांतानिना रासूल 1987 मध्ये त्या देशाच्या पहिल्या मुस्लिम महिला सिनेटर झाल्या. त्यांनी मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारी चळवळ चालवली. तिच्या नावाचा अर्थच 'चला, वाचूया' असा होता. पुढे सरकारच्या बाजूने बंडखोरांशी बोलणी करणाऱ्या मंडळातही त्या होत्या. 1996 मध्ये करार झाला.

मग आपण काय करायचं? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे बाया समोरासमोर उभ्या राहणारच, आणि राहावंच. मात्र निकालानंतर आठ दिवसांत गटातल्या दोघी-तिघींनी जिंकलेलीच्या आणि हरलेलीच्या, दोघींच्या घरी जावं. एकाच दिवशी जावं, नाहीतर आधी तिच्याकडे गेल्या म्हणून नवं भांडण उभं राहतं. कोणी कोणाला मत दिलं, हे विचारू नये. पुढच्या बैठकीचं आवतण द्यावं आणि बैठकीत पहिला विषय कर्जाच्या मागणीचा घ्यावा. पैशाचा हिशेब सगळ्यांचा सारखाच असतो, त्यावर बोलता बोलता तोंडं उघडतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. समेट म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाली, तर तिथे दोन बाजू नसतात. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जायचं. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या बाबतीतही तेच. भांडण दोघांचं असतं, अत्याचार एकाचा असतो. हा फरक ओळखणारी बाईच गावात खरी शांतता आणू शकते.

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा. कोणत्या दोन दारांत अजून कोणी गेलेलं नाही, ते ठरवा आणि तिथे जाणाऱ्या दोघींची नावं त्याच दिवशी इतिवृत्तात लिहा.