आधी आखणी, मग टाके

“मावशी, मला हे जमणारच नाही!” परवा माझी भाची येऊन चक्क रडली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. छोटे प्रोग्राम चुटकीसरशी लिहिते. पण चौघींनी मिळून करायचा वाचनालयाचा मोठा प्रोग्राम पार गुंतला होता. एकीकडे दुरुस्त करावं, तर दुसरीकडे बिघडे. शिक्षणच सोडायचं म्हणत होती.

मी कलाशाखेची, मला त्यातलं काय कळणार? पण बचत गटाच्या जेवणाच्या ऑर्डरी मी सांभाळते. म्हटलं, “अगं, चौघांचा स्वयंपाक अंदाजाने होतो. दोनशे पानांचा असला की आधी कामं वाटावी लागतात. पोळ्या लाटणारीला भाजीत काय घातलं याच्याशी काय करायचंय? किती पोळ्या, किती वाजता, एवढं तिला कळलं की झालं.”

ती डोळे पुसत म्हणाली, “सर हेच सांगतात. प्रोग्रामचे भाग पाडा, आणि एकाने दुसऱ्याच्या पोटात शिरू नका.”

मग तिनेच मला मार्गारेट हॅमिल्टनची गोष्ट सांगितली. चांद्रयानाच्या संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या चमूची ही प्रमुख. त्या काळी हे शिकवणारं कॉलेज नव्हतं, चुकतमाकतच शिकायचं. प्रोग्राम तयार झाला की कारखान्यातल्या बायका तो तारांमध्ये अक्षरशः विणत. विणल्यावर उसवणं सोपं नाही, म्हणून आधी आखणी पक्की हवी.

मार्गारेट आपल्या छोट्या मुलीला कामावर घेऊन जाई. एकदा लेकीने खेळता खेळता बटणं दाबली आणि सरावाचं यंत्र बंद पडलं. उड्डाण चालू असताना तिने उड्डाणाआधीचा प्रोग्राम सुरू केला होता! अंतराळवीराकडूनही असंच झालं तर? मार्गारेटने त्यावर उपाय सुचवला, पण ‘आमचे अंतराळवीर चुकत नाहीत,’ असं उत्तर मिळालं. डिसेंबर १९६८ मध्ये ‘अपोलो ८’च्या प्रवासात नेमकी तीच चूक झाली!

जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो ११’ चंद्रावर उतरताना संगणकावर कामाचा ताण आला. पण कुठलं काम आधी आणि कुठलं मागे, हे हाल लॅनिंग यांच्या रचनेत आधीच ठरलेलं होतं. बिनमहत्त्वाची कामं बाजूला पडली आणि यान सुखरूप उतरलं. २०१६ मध्ये मार्गारेटला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

दुसऱ्या दिवशी चौघी माझ्या ओट्यावर कागद पसरून बसल्या. पुस्तकांची नोंद एकीकडे, सभासदांची दुसरीकडे, दंडाचा हिशेब तिसरीकडे. कोणी कोणाला काय द्यायचं, तेवढंच लिहिलं. ‘सभासदाने तेच पुस्तक दोनदा परत केलं तर?’ असे प्रश्नही काढले. दुपारभर संगणकाला हातसुद्धा लावला नाही.

प्रोग्राम अजून पुरा व्हायचाय. पण सोडायची भाषा थांबलीय. मैत्रिणींनो, आपली लेक अशी अडली, तर ‘मुलींना हे झेपत नाही’ एवढं मात्र म्हणू नका. तिला कागद द्या, चहा द्या आणि विचारा, “यात कुठे कुठे चुकू शकतं गं?”